रेंज आणि पहिली टी

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शिबिराला बावीस मुली आल्या, तिसऱ्या महिन्यात चारच उरल्या, आणि तू लिहितेस की आपल्याकडच्या मुलींना गोल्फमध्ये रसच नाही. अगं, रस नसता तर बावीस जणी रविवारी पहाटे उठून आल्या असत्या का? हजेरीची वही काढ आणि कोण कुठल्या आठवड्यात गळली ते बघ. माझा अंदाज सांगते. रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, कुणी गळलं नसणार. रेंज आणि पहिली टी, म्हणजे खऱ्या खेळातला पहिला फटका जिथून मारतात ती जागा, यांच्या मधे गळल्या असणार.

रेंजवर सगळं सोपं असतं. बादलीभर चेंडू, हातात सेव्हन आयर्नची काठी, शेजारी मैत्रीण. दहातला एक फटका असा बसतो की आवाजच वेगळा येतो आणि त्या एकासाठी मुलगी पुन्हा येते. मग एक दिवस कोर्सवर, खऱ्या मैदानावर, जायचं ठरतं. मेंबर कोण? हँडिकॅप, म्हणजे खेळाच्या पातळीचा अधिकृत आकडा, आहे का? शनिवार-रविवारच्या सकाळच्या वेळा तर कधीच्या गेलेल्या. मी शिकत होते तेव्हा एका क्लबात स्टार्टरने, म्हणजे पहिल्या टीवरून खेळाडूंना सोडणाऱ्या माणसाने, माझ्याकडे बघून विचारलं, "सर मागून येतायत का?" मी एकटीच होते. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

स्कॉटलंडमध्ये निदान कागदावर तरी भांडता आलं. म्युरफिल्डच्या क्लबात 2016 साली बायकांना सदस्यत्व देण्यावर मतदान झालं. 64 टक्के बाजूने होते, पण दोन-तृतीयांश लागत होते, म्हणून दार बंदच राहिलं. ओपन ही मानाची स्पर्धा हातची जाणार म्हटल्यावर पुढच्याच वर्षी पुन्हा मतदान झालं आणि ते उघडलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असा नियम लिहिलेलाच नसतो, मग बदलायचा तरी कुठला? स्टार्टरचा तो प्रश्न क्लबच्या कुठल्या नियमावलीत सापडणार?

आता अंतराचं बघ, कारण हे तुझ्या हातात आहे. चारशे यार्डांचं पार फोर, म्हणजे चार फटक्यांत संपवायचं होल. बरा खेळणारा पुरुष दोन फटक्यांत ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, पोचतो. तुझी नवी मुलगी एका फटक्यात शंभर-सव्वाशे यार्ड मारते, तेही नीट लागला तर. बायकांसाठीची लाल टी चाळीस यार्ड पुढे असली म्हणून तिला काय फरक पडतो? मागे चौघे कमरेवर हात ठेवून उभे, पुढे बॅग वाहणारा कॅडी गवतात चेंडू शोधतोय. त्या एका सकाळीत मुलगी ठरवते, हा खेळ आपला नाही.

म्हणून उलटीकडून शिकव. आधी पटिंग ग्रीन, चेंडू हलकेच भोकात ढकलायचा. होलचं भोक 108 मिलिमीटरचं असतं, त्यात चेंडू पडल्याचा आवाज आठ वर्षांच्या पोरीला आणि तिच्या आजीला सारखाच आवडतो. मग ग्रीनपासून तीस यार्ड, मग शंभर, मग दीडशेच्या खुणेवरून खेळू दे. टीपर्यंत मागे सरकत जायला सहा महिने लागले तर लागू देत. आणि नऊच होल. अठरा होल म्हणजे सात-आठ किलोमीटर चाल आणि चार-साडेचार तास. घरचं सगळं आटपून येणाऱ्या बाईला एवढा वेळ कोण देतं? नऊ होलांचा स्कोअरही हँडिकॅपसाठी चालतो. 2020 पासून हँडिकॅपची कमाल मर्यादा बायका-पुरुष दोघांनाही 54 आहे, म्हणजे नवखीलाही तो मिळतो, तेव्हा 'आधी चांगलं खेळायला ये, मग हँडिकॅप' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते, ती म्हणजे कोर्सवर बायकांचं स्वच्छतागृह कितव्या होलजवळ आहे. आधी स्वतः जाऊन बघून ये. मुली विचारत नाहीत, नुसत्या येईनाशा होतात. आणि आया "उन्हात काळी पडेल" म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, दुपारी चारनंतरची बॅच ठेव.

पैशाचं खोटं सांगणार नाही. खेळ महाग आहे. पण नव्या सेटची घाई कुणाला करू देऊ नकोस, पाच क्लब, म्हणजे काठ्या, पुरतात. मात्र बाबांचे जुने क्लब कापून देऊ नकोस. डोकं जड, दांडा ताठ, पोरीचा स्विंग बिघडतो. मोकळी जागा हाच खरा तुटवडा. नाशिकच्या मोठ्या मैदानाला लोक अजून गोल्फ क्लब म्हणतात आणि तिथे क्रिकेट चालतं! खारघरला सिडकोचा कोर्स आहे, दिल्लीत डीडीए या सरकारी संस्थेचा कुतुब कोर्स आहे. असे आणखी हवेत.

गरीब घरातली मुलं मात्र या खेळात मागच्या दाराने आलीच. अली शेर कॅडी होता, त्याने 1991 ला इंडियन ओपन जिंकली. मुनियप्पाही कॅडीच, त्याने ती 2009 ला जिंकली. गोल्फपटू चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात ग्रीनकीपर, म्हणजे गवत राखणारे. या यादीत मुलगी शोध. कॅडीची पोरं संध्याकाळी रिकाम्या ग्रीनवर खेळायची, पोरींना त्या वेळी तिथे फारसं कुणी पाठवत नसे. अदिती अशोकचं नाव तू घेशीलच. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिचं पदक एका फटक्याने हुकलं. पण तिची बॅग कोण घेऊन चालत होतं? आई. रिओला वडील होते. ज्या मुलीसोबत घरचं कुणी चालू शकत नाही, तिच्यासोबत तुला चालावं लागेल. पहिले दहा राउंड तरी.

मंगळवारी दुपारी कोर्स रिकामा असतो. उरलेल्या चौघींना घेऊन ये. टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, त्यांच्यातल्याच एकीच्या नावावर घे आणि स्टार्टरशी तिलाच बोलू दे. मी येते, पण पार्किंगजवळच थांबेन.

तुझी
ताई