मिरचीचं बी आणि सोलापूरचं ऊन

यंदा मिरचीबद्दल इतके प्रश्न आले आहेत की या वेळचं सदर तिलाच दिलं आहे. उत्तरांआधी सगळ्यांनाच लागू पडणारी एक गोष्ट सांगतो. परदेशी बियांच्या पाकिटांवरच्या आणि व्हिडिओंमधल्या सूचना बहुतेक थंड मुलखासाठी असतात: बी उबेला ठेवा, खालून हीटिंग मॅट लावा, हिवाळ्यात झाड घरात घ्या. सोलापुरात गाठ उकाड्याशी, कोरड्या वाऱ्याशी आणि क्षारांच्या पाण्याशी आहे. त्या सूचना इथं जशाच्या तशा पाळल्या तर चांगलं बीही वाया जातं.

एप्रिलमध्ये भूत जोलोकियाच्या २० बिया ट्रेमध्ये पेरून गच्चीवर ठेवल्या. रोज संध्याकाळी पाणी दिलं. महिना झाला, एकही उगवली नाही. बी खोटं होतं का? (जुळे सोलापूर)

बी खोटं असूही शकेल, पण आमचा संशय आधी गच्चीवर आहे. मिरचीचं बी उगवायला मातीचं तापमान २५ ते ३० अंश लागतं. ३५च्या वर उगवण झपाट्यानं घसरते. एप्रिलात सावलीतलाच पारा ४०ला टेकतो, तेव्हा उन्हातल्या काळ्या ट्रेमधलं मिश्रण त्याहूनही तापतं. दुसरं कारण पाण्याचं. संध्याकाळी भिजवलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खडखडीत होतं. बी एकदा फुगून कोंब धरायला लागलं आणि मग वाळलं, की ते पुन्हा जिवंत होत नाही.

जातींचाही फरक लक्षात घ्या. ज्वाला, ब्याडगी, जालापेनो या कॅप्सिकम ॲन्युअम प्रजातीच्या मिरच्या ७ ते १२ दिवसांत उगवतात. भूत जोलोकिया, हबानेरो, कॅरोलिना रीपर या कॅप्सिकम चायनेन्सच्या आहेत आणि त्यांना २ ते ४ आठवडे लागतात, कधी ६ आठवडेही. दहाव्या दिवशी ट्रे उपटून पाहू नका.

चायनेन्सच्या जाती इथं मृगापासून आर्द्रापर्यंत, म्हणजे साधारण ८ जून ते ५ जुलै या काळात, घरात पेरा. तेव्हा खोलीचं तापमान आपसूकच हवं तेवढं असतं, मॅटची गरज पडत नाही. जुलैच्या सुरुवातीला पेरलं तर २०-२५ जुलैपर्यंत कोंब दिसतात, सप्टेंबरच्या मध्याला रोप मोठ्या कुंडीत जातं आणि ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात फूल येतं. तेव्हा रात्री गार झालेल्या असतात, त्यामुळे फूल टिकतं. फुलापासून लाल मिरचीपर्यंत ४५ ते ६० दिवस धरा. डिसेंबर ते फेब्रुवारी तोडणी चालते.

उरलेलं बी असेल तर पेरण्याआधी १० बियांची चाचणी घ्या. कोमट पाण्यात ८ ते १२ तास भिजवा, ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळा, डब्यात बंद करा आणि स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवा. दर दोन दिवसांनी उघडून हवा द्या. मुळी ३ ते ५ मिलिमीटर झाली की ट्रेमध्ये लावा. त्याहून लांबली तर उचलताना हमखास मोडते.

पेरणीचं मिश्रण, खोली आणि पाणी यांचं नेमकं प्रमाण द्या. (होटगी रोड)

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट सुमारे ४ लिटर पाण्यात फुलवा. मग भरपूर पाण्यात दोनदा धुऊन पिळा, कारण स्वस्त कोकोपीटमध्ये मीठ राहिलेलं असतं आणि कोवळी मुळी त्यानं जळते. धुतलेलं कोकोपीट २ भाग, चाळलेलं गांडूळखत १ भाग, परलाइट किंवा धुतलेली जाड वाळू अर्धा भाग. गांडूळखतात किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशींना दाबणारी उपयोगी बुरशी) आधीच मिसळून ठेवा. आपल्याकडची काळी माती यात चमचाभरही नको. ओली झाली की चिकटून हवा कोंडते, वाळली की भेगा पडतात आणि कोंबाची मुळं तुटतात.

मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर दोन-तीन थेंब पडले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर जास्त आहे. बी अर्धा सेंटिमीटर खोल, एका खणात एकच. जातीचं नाव आइस्क्रीमच्या डब्याच्या कापलेल्या पट्टीवर पेन्सिलीनं लिहा. पेनची शाई इथल्या उन्हात महिन्याभरात उडते आणि मग रोपांची ओळखच राहत नाही.

ट्रेवर प्लास्टिकचा कागद टाकून तो घरात, उन्हाबाहेर ठेवा. पहिल्या कोंबाची कमान दिसली की त्याच दिवशी कागद काढा आणि ट्रे उजेडात न्या. इथं दोन दिवस उशीर झाला तरी रोपं लांबुडकी होतात आणि मान टाकतात. खिडकीत ऊन येत नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर १५ सेंटिमीटरवर बांधा आणि रोज १४ तास चालू ठेवा. पाणी वरून शिंपडू नका. परातीत १ सेंटिमीटर पाणी घेऊन ट्रे १० मिनिटं त्यात ठेवा, वरचा थर ओलसर दिसला की बाहेर काढा.

खरी पानं दोन येईपर्यंत खत काहीही नको. त्यानंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

रोपं छान उगवली, पण आठव्या-दहाव्या दिवशी बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात. (बाळे)

ही मर. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे येते आणि तिला आमंत्रण देतं ते सततचं ओलं मिश्रण व कोंडलेली हवा. आडवं पडलेलं रोप वाचत नाही. ते खणातल्या मिश्रणासकट काढून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका. बाकीच्यांना दोन दिवस पाणी बंद ठेवा, पंख्याचा हलका वारा द्या आणि मग लिटरला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा कालवून ते पाणी बुंध्याशी थोडं थोडं सोडा. तोच ट्रे पुन्हा वापरायचा असेल तर धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. सोलापूरचं ऊन इथं मात्र कामाला येतं.

कोंबाच्या टोकाला बियांची टरफलं अडकून बसली आहेत. (विजापूर रोड)

बी फार वर पेरलं गेलं किंवा वरचा थर सुकला की असं होतं. टरफलावर पाण्याचा एक थेंब ठेवा, तासभर थांबा, मग चिमट्यानं कडेकडेनं सोडवा. कोरडं टरफल ओढलं तर शेंडाच हातात येतो.

शेंगाचटणीसाठी आणलेल्या वाळक्या ब्याडगीचं बी पेरलं तर चालेल का? (मंगळवार पेठ)

चालेल. मिरची त्याच हंगामातली आणि उन्हात वाळवलेली हवी. भट्टीत किंवा यंत्रात तापवून वाळवलेल्या मिरचीचं बी बहुधा मेलेलं असतं. फिकट पिवळं, भरलेलं बी घ्या, तपकिरी-काळं टाका. पाण्यात तरंगणारं बी फेकून द्या असं बरेच जण सांगतात, पण मिरचीचं बी हलकं, चपटं असतं आणि चांगलंही तरंगतं. त्यापेक्षा वर दिलेली टिश्यूची चाचणी खरी.

एक अडचण आहे. बाजारात ब्याडगीच्या नावाखाली संकरित मिरचीही मिसळलेली असते. तिच्या बियांतून आलेली झाडं एकसारखी निघत नाहीत, काहींची मिरची आखूड तर काहींची फार तिखट येईल. जात खात्रीची हवी असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘फुले ज्योती’चं किंवा ‘पुसा ज्वाला’चं पाकीटबंद बी घ्या. दोन्ही सरळ वाण आहेत, त्यामुळे बी घरी धरता येतं. हिरव्या मिरचीतलं बी मात्र कोवळं असतं, त्याच्या नादी लागू नका.

नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत देऊनही फरक नाही. पाणी बोअरचं आहे. (अक्कलकोट रोड)

तुमच्या झाडाला खत मिळतंय, पण लोह उचलता येत नाही. बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांमुळे मातीचा सामू (पीएच) चढतो. मिरचीला ६ ते ६.८ सामू मानवतो. तो साडेसात-आठवर गेला की मातीत असलेलं लोहही मुळांच्या उपयोगाचं राहत नाही. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसत असतील तर खूण पटली. यावर ईडीडीएचए स्वरूपातलं चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा मुळाशी द्या. दुकानात स्वस्त मिळतं ते ईडीटीए स्वरूपातलं असतं, ते अशा मातीत टिकत नाही. पाकीट वाचून घ्या.

पाण्याबद्दल आणखी सांगायलाच हवं, कारण इथल्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथं आहे. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी वाचवून झाडांना घालण्यामागची कळकळ कळते, पण त्या पाण्यात तुमच्या नळाचे क्षार आणखी एकवटलेले असतात. कूलरच्या टाकीतल्या पाण्याचं तेच, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. ही दोन्ही पाणी फरशी धुवायला वापरा, मिरचीला नकोत. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळपास क्षारमुक्त असतं, ते रोपांना उत्तम. पावसाळ्यात दोन-तीन पिंपं गच्चीच्या पाइपाखाली भरून झाकून ठेवा. महिन्यातून एकदा त्या पाण्यानं प्रत्येक कुंडी खालून पाणी वाहीपर्यंत धुऊन काढा.

नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून पाण्याच्या दिवशी कुंड्या तुडुंब भरायच्या आणि मग चार दिवस कोरड्या ठेवायच्या, हेही थांबवा. वरचे २ ते ३ सेंटिमीटर वाळले की पाणी, मग तो वार कोणताही असो. या ओल्या-कोरड्या फेऱ्यात झाडाला कॅल्शियम पोहोचत नाही आणि मिरचीचं टोक काळं पडून सडतं. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं तर लिटरला १ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. ते ०:५२:३४ सारख्या स्फुरदाच्या खतात कालवू नका, दोन्हींचा साका तळाशी बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही.

पानं चुरगळली आहेत. औषधवाल्यानं तीन औषधं एकत्र फवारायला सांगितली. (सात रस्ता)

थांबा, आधी पान नीट पाहा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, पिवळसर बारीक रेघा पळताना दिसतील. कडा खाली वळून देठ लांबला असेल, पान जाड आणि ठिसूळ लागत असेल तर कोळी. तो इतका बारीक असतो की भिंगाशिवाय दिसत नाही. शेंड्याची पानं बारीक, पिवळसर, गुच्छासारखी झाली आणि झाडाची वाढच खुंटली असेल तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. हाच खरा बोकड्या, म्हणजे पानं चुरडण्याचा रोग. तिन्हींवर एकच औषध नसतं.

फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे टांगा आणि दर ५ दिवसांनी असं तीनदा निंबोळी तेल फवारा. ५ मिलिलिटर तेलात आधी १ ते २ मिलिलिटर द्रवसाबण घोटा, मग लिटरभर कोमट पाणी घाला. फवारणी सूर्य कलल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनं. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. गंधक आणि तेल यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, आणि पारा ३२च्या वर असताना गंधक मारूच नका, पानं भाजतात. विषाणूचं झाड उपटून पिशवीत बंद करा. जीव तुटतो, पण एका झाडापायी शेजारची सगळी जातात. पांढऱ्या माशीसाठी पिवळे सापळे लावा.

मार्चपर्यंत लगडलेलं झाड एप्रिलपासून नुसती फुलं गाळतंय. कुंडी १० इंची, काळी ग्रो बॅग आहे. (टिळक चौक)

दिवसा ३५च्या वर आणि रात्री २५च्या वर पारा राहिला की परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. याला टॉनिक नाही. नत्राचं खत वाढवलं तर पाला माजेल, फळ धरणार नाही. एप्रिल-मेमध्ये फळाची आशा सोडून झाड जगवा. मिरची हे बहुवर्षायू झुडूप आहे, चांगली राखली तर दोन-तीन वर्षं टिकते.

वर ५० टक्क्यांचं शेड नेट बांधा. काळ्या बॅगेला पांढरं कापड गुंडाळा, नाहीतर कडेची मुळं उकडतात. मातीवर उसाचं पाचट किंवा बारीक केलेला कडबा २ इंच पसरा. पाणी सकाळी सातच्या आत. पहिला चांगला पाऊस झाला की फांद्या दोन-तृतीयांश छाटा, मूठभर निंबोळी पेंड आणि दोन ओंजळी गांडूळखत द्या, आणि झाड मोठ्या कुंडीत हलवा. ज्वाला, ब्याडगीला १२ इंच पुरते, भूत जोलोकियाला १५ इंच किंवा २० लिटरची बादली हवी.

ढोबळीशेजारी लवंगी लावली तर ढोबळी तिखट होते का? (वाचक, सोलापूर)

या वर्षीची ढोबळी होत नाही. तिचा गर आईच्या झाडाचाच असतो. लवंगीचे पराग लागून फळ धरलं असेल तर तिच्या बियांतून पुढच्या वर्षी येणारं झाड तिखट निघू शकतं. म्हणून बी धरायचं झाड असेल तर कळ्या उमलण्याआधी फांदीला पातळ मलमलीची पिशवी बांधा आणि रोज सकाळी टिचकी मारा. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा, आणि मिरची पूर्ण लाल होऊन किंचित सुरकुतल्यावरच तोडा. बी सावलीत आठ दिवस वाळवून कागदी पाकिटात, पाकीट हवाबंद डब्यात.

भूत जोलोकियाचं बी काढताना रबरी हातमोजे घाला. तिखटपणा बियांत नसतो, बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात असतो आणि तिथूनच बोटांना लागतो. हात भाजलेच तर पाण्यानं चोळून उपयोग नाही. आधी गोडेतेल चोळा, मग साबण, आणि तोवर डोळ्यांना हात लावू नका.