ऐरोलीत राहतो, कुत्र्याला हार्टवर्मचं औषध द्यायलाच हवं का?

द्या, आणि फक्त पावसाळ्यात नाही, बारा महिने द्या. हार्टवर्म हा जंत डासाच्या चाव्यातून शिरतो, आणि खाडीलगत राहणाऱ्यांना डासांचं वेगळं सांगायला नको. संध्याकाळी खारफुटीच्या बाजूने फिरवून आणलंत की कानाच्या आत आणि पोटावर, जिथे केस विरळ असतात, तिथे डास चावल्याच्या खुणा बघा.

दर महिन्याची गोळी डासांना अडवत नाही. मागच्या महिनाभरात शिरलेल्या अळ्या मारते. म्हणून तारीख चुकवायची नाही. वाढलेले जंत 25-30 सेंटिमीटरपर्यंत लांब होतात, फुप्फुसाच्या धमन्यांत आणि हृदयात ठाण मांडतात. मग उपचार लांबतात, खर्च वाढतो आणि जीवाला धोका राहतो तो वेगळाच.

कुत्रा सात महिन्यांहून मोठा असेल तर आधी रक्ततपासणी करून घ्या. अंगात जंत असताना औषध सुरू केलं तर रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

आणि हात जोडून सांगतो, गुरांचं आयव्हरमेक्टिन (जंतांवरचं औषध) कुणाच्या सांगण्यावरून अंदाजाने देऊ नका. कोलीसारख्या जातींच्या कुत्र्यांच्या तर ते जिवावर बेतू शकतं. डोस वजनावर ठरतो. पिल्लू असेल तर दर वेळी वजन करूनच डॉक्टरांकडून गोळी घ्या.