वाचकांचे प्रश्न : गाडीचा शॅम्पू, वॅक्स आणि घरची बादली

प्रश्न : भांड्यांच्या लिक्विड साबणाने गाडी धुतली तर बिघडतं कुठे? फेस तर तितकाच येतो.

उत्तर : फेसावर जाऊ नका. भांड्यांचा साबण तेल-तूप सोडवायला बनवलेला असतो आणि गाडीवरचं वॅक्स हा त्याच्या लेखी तेलकट थरच. काही वेळा धुतलं की तो थर विरत जातो. एकदा वापरला म्हणून रंग उडत नाही, ती भीती सोडून द्या. खरी उणीव बुळबुळीतपणाची आहे. गाडीच्या शॅम्पूमध्ये पृष्ठभाग निसरडा ठेवणारे घटक घातलेले असतात, त्यामुळे फडक्याखाली अडकलेला वाळूचा कण पत्र्यावरून घसरून जातो. ताटाला या निसरडेपणाची गरज नसते, म्हणून भांड्यांच्या साबणात तो तितका नसतो. कपड्यांची पावडर मात्र अजिबात नको. ती अल्कधर्मी असते, तिने अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या निस्तेज होतात आणि न विरघळलेले दाणे घासत राहतात ते वेगळंच.

शॅम्पू घेताना बाटलीवर दोन गोष्टी बघा : ‘पीएच न्यूट्रल’ (म्हणजे आम्लही नाही, अल्कधर्मीही नाही) लिहिलंय का आणि पाण्याशी प्रमाण किती दिलंय. १:५०० असेल तर १० लिटर पाण्याला २० मिली, १:२०० असेल तर ५० मिली. ‘एक बूच’ हे माप नव्हे. औषधाच्या मापाने एकदा बूच मोजून घ्या आणि आकडा बाटलीवर लिहून ठेवा. शॅम्पू जास्त झाला तर वाळल्यावर ओघळांचे पट्टे दिसतात, कमी झाला तर निसरडेपणा जातो. आणि आधी पाणी भरा, मग शॅम्पू घाला. उलट केलंत तर अर्धी बादली नुसता फेस होतो आणि पाण्याचा अंदाज चुकतो.

‘वॉश अँड वॅक्स’ लिहिलेले शॅम्पू वाईट नाहीत, पण त्यांची चकाकी थोड्याच दिवसांची. वेगळ्या वॅक्सची जागा ते घेत नाहीत. नवीन वॅक्स किंवा सिरॅमिकचा संरक्षक थर लावायच्या आदल्या धुण्याला तर ते टाळाच, कारण मागे राहिलेल्या थरामुळे नवा थर नीट धरत नाही.

प्रश्न : गाडी काळी आहे. चांगल्यातला शॅम्पू वापरतो, तरी उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात. दुसरा कुठला शॅम्पू घेऊ?

उत्तर : शॅम्पू तोच राहू द्या, पत्र्याला काय लागतं ते बदला. ते चरे खरं तर गोल नसतात. सगळ्या दिशांनी गेलेले बारीक सरळ ओरखडे असतात, पण त्यांतले जे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येतात तेच चमकतात, म्हणून जाळं गोल वाटतं. ते असतात सर्वांत वरच्या पारदर्शक थरात, क्लिअर कोटमध्ये. हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. पांढऱ्या गाडीलाही तेवढेच चरे पडतात, फक्त दिसत नाहीत.

सर्वांत मोठा दोषी म्हणजे रोज सकाळी कोरड्या किंवा जेमतेम ओल्या फडक्याने धूळ पुसणं. धूळ म्हणजे बारीक वाळूच, आणि ती पुसली जात नाही, फडक्याला धरून गाडीभर फिरते. हे ज्या दिवशी थांबवाल त्या दिवसापासून नवे चरे एकदम कमी होतील. धूळ दिसत राहिली तर राहू द्या, तिने नुकसान होत नाही. नुकसान पुसण्याने होतं.

धुताना चाकं आधी उरका, त्यांची बादली आणि ब्रश वेगळा. ब्रेकमधून झडलेली लोखंडी भुकटी चाकांवर असते, ती पत्र्याच्या पाण्यात यायला नको. मग टपापासून खालपर्यंत नुसत्या पाण्याने भरपूर धुवा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल किमान ३० सेंटिमीटर लांब धरा. रंगाचा टवका उडालेला असेल तिथे त्याहून लांब, नाहीतर पाणी कडेखाली शिरून आणखी पापुद्रा उचलतं. फोम मारणार असाल तर ५ मिनिटं मुरू द्या, वाळू देऊ नका.

आता दोन बादल्या : एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. स्पंज नको. त्याचा पृष्ठभाग सपाट असल्यामुळे कण तिथेच राहून घासला जातो. लांब धाग्यांचा मायक्रोफायबरचा हातमोजा घ्या, कण त्याच्या धाग्यांत आत ओढला जातो. एक भाग झाला, समजा अर्धं बोनेट, की मोजा साध्या पाण्यात चोळून पिळा आणि मगच पुन्हा शॅम्पूत बुडवा. बादलीच्या तळाशी जाळी ठेवली तर बसलेली माती वर येत नाही. हात सरळ रेषेत फिरवा, दाबू नका. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर सर्वांत शेवटी, तिथे माती सर्वांत जास्त असते. मोजा जमिनीवर पडला तर नुसता झटकून पुन्हा वापरू नका, दुसरा घ्या.

आधीचे चरे शॅम्पूने जाणार नाहीत, वॅक्सनेही नाहीत. त्याला पॉलिश लागतं, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : वॅक्स, पॉलिश, कंपाउंड, सीलंट, सिरॅमिक स्प्रे. दुकानदार प्रत्येकाला ‘पॉलिश’च म्हणतो. नेमकं घ्यायचं काय?

उत्तर : बाटली हातात घेतली की एकच प्रश्न विचारा : यातलं द्रव्य घासणारं आहे की झाकणारं? कंपाउंड आणि पॉलिश घासणारी. त्यांत बारीक अपघर्षक कण असतात, ते क्लिअर कोटचा अगदी वरचा भाग काढतात आणि चरा तेवढा उथळ होतो. कंपाउंड भरड, पॉलिश बारीक. गेलेला थर परत येत नाही, म्हणून दर महिन्याला ‘पॉलिश मारणं’ म्हणजे आपल्या हाताने आयुष्य कमी करणं. दाराच्या आणि बोनेटच्या धारेवर तर हात अजिबात रगडू नका, तिथे थर सर्वांत पातळ असतो. वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक स्प्रे ही झाकणारी. ती काही काढत नाहीत, वर एक थर देतात.

घोटाळा ‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘वन स्टेप’ लिहिलेल्या डब्यांत होतो. त्यात दोन्ही असतं. जुन्या, निस्तेज गाडीला वर्षातून एकदा ते सोयीचं आहे, पण नव्या गाडीला दर महिन्याला लावायचं वॅक्स म्हणून ते घेऊ नका.

झाकणाऱ्यांतला फरक टिकण्यात आहे. कार्नोबा हे ब्राझीलमध्ये होणाऱ्या एका पामच्या पानांवरचं मेण. गडद रंगावर त्याची झाक फार सुंदर येते, पण ते टिकतं साधारण ४ ते ८ आठवडे. डब्यावर ‘१०० टक्के कार्नोबा’ लिहिलेलं असलं तरी डबाभर कार्नोबा नसतं. शुद्ध कार्नोबा विटेसारखं कडक असतं, ते लावता यावं म्हणून त्यात तेलं आणि द्रावक मिसळावेच लागतात. सीलंट कृत्रिम पॉलिमरचं, ४ ते ६ महिने चालतं. सिरॅमिक स्प्रे साधारण ३ ते ६ महिने. साधा स्प्रे वॅक्स २ ते ४ आठवडे, पण लावायला १० मिनिटं पुरतात.

गाडी उघड्यावर उभी राहत असेल आणि वेळ कमी असेल तर आमचा सल्ला सीलंट किंवा सिरॅमिक स्प्रेचा. सुटीच्या दिवशी दोन तास गाडीपाशी रमायला आवडत असेल तर कार्नोबा जरूर घ्या, तो आनंद दुसऱ्या कशात नाही.

कुठलाही थर द्यायच्या आधी हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बोनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर घाण रुतून बसली आहे, तिला क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा, लागतो. ५० ग्रॅमच्या आसपासचा तुकडा चपटा करा, शॅम्पूचं पाणी भरपूर शिंपडा, वजन न देता सरळ फिरवा, आणि मळला की घडी घालून आतली स्वच्छ बाजू बाहेर काढा. जमिनीवर पडलेला क्ले सरळ टाकून द्यायचा, त्यात रुतलेली वाळू निघत नाही. क्ले जुनं वॅक्सही काढतो, म्हणून नंतर नवा थर दिलाच पाहिजे.

प्रश्न : वॅक्स लावलं की ढगासारखे डाग राहतात. कितीही पुसलं तरी जात नाहीत.

उत्तर : बहुतेक वेळा कारण एकच असतं, वॅक्स जास्त झालेलं. मध्यम आकाराच्या अख्ख्या गाडीला लिक्विड वॅक्स ३० मिलीच्या आत पुरतं. थर इतका पातळ हवा की तिरकं पाहिल्याशिवाय दिसू नये. जाड थराने चमक वाढत नाही, वरचा सगळा पुसूनच टाकायचा असतो.

सावलीत, हाताला गार लागणाऱ्या पत्र्यावर लावा. तापलेल्या पत्र्यावर द्रावक झटकन उडून जातो आणि वॅक्स चिकटून बसतं. हवा दमट असेल तर उलट, वाळायला वेळ लागतो आणि अर्धवट वाळलेलं वॅक्स फरफटतं. म्हणून एका कोपऱ्यावर बोट ओढून बघा. बोटामागे स्वच्छ, चकचकीत रेघ आली तर पुसायची वेळ झाली, ओशट माग राहिला तर थांबा. काही सीलंट मात्र लगेच पुसायची असतात, तिथे बाटलीवरची सूचना पाळा. दुसरा हात द्यायचा असेल तर सीलंटला मध्ये १२ ते २४ तास द्या.

आत्ता बसलेल्या डागांवर तेच वॅक्स अगदी थोडं पुन्हा फिरवा आणि वाळू न देता स्वच्छ फडक्याने पुसा. नव्या वॅक्समधला द्रावक जुनं सैल करतो.

समोरच्या काचेवर वॅक्स नको. वायपर थरथरतो आणि रात्री समोरच्या दिव्यांत काच धुरकट दिसते.

प्रश्न : काळ्या प्लास्टिकवर वॅक्स लागून पांढरे डाग पडले आहेत.

उत्तर : खरबरीत प्लास्टिकच्या खाचांत वॅक्स वाळून बसलंय. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मेनिम्मे करा, मऊ ब्रशवर घ्या, खाचांच्या दिशेने घासा आणि पुसा. हट्टी डागाला पेन्सिलीचा पांढरा खोडरबर चालतो. पुढच्या वेळी वॅक्सच्या आधी कडांना मास्किंग टेप लावा, ५ मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : आमच्याकडचं पाणी क्षारांचं आहे. धुतल्यावर गाडीभर पांढरे ठिपके उरतात.

उत्तर : पाणी उडून जातं, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जागेवर राहतं. ठिपके पडल्यावर काढण्यापेक्षा पडू न देणं कितीतरी सोपं. उन्हात धुऊ नका. एका वेळी अर्धी गाडी घ्या आणि तिकडे साबण वाळणार नाही एवढं बघा. शेवटचं पाणी फवाऱ्याने न मारता पाइपाचं तोंड मोकळं सोडून टपावरून संथ वाहू द्या. सलग पडद्यासारखं पाणी उतरतं तेव्हा थेंब कमी राहतात. त्यावर ४-५ लिटर डिस्टिल्ड पाणी ओतता आलं तर उत्तम. मग लगेच मोठ्या, जाड मायक्रोफायबरने टिपून घ्या.

ताजे ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समभाग घेऊन फडकं भिजवा, डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा आणि शॅम्पूचा हात फिरवा. गार पत्र्यावरच करा आणि वाळू देऊ नका. ठिपका निघाल्यावरही तिथे खड्ड्यासारखी कडी दिसत असेल तर क्षाराने क्लिअर कोट खाल्ला आहे. मग पॉलिशशिवाय इलाज नाही.

वॅक्समुळे ठिपके पडायचे थांबत नाहीत हेही सांगायला हवं. उलट थेंब गोल आणि उंच राहतात, त्यामुळे ठिपके जास्त ठळक दिसतात. पण थेट रंगाला धरण्याआधी मध्ये थर असतो, म्हणून निघतात लवकर.

प्रश्न : पाण्याची टंचाई आहे. एका बादलीत गाडी धुता येते का?

उत्तर : येते, ‘रिन्सलेस’ शॅम्पू घ्या, म्हणजे ज्यानंतर पाण्याने खळाळून धुवावं लागत नाही असा. १:२५६ प्रमाणाचा असेल तर १० लिटरला ४० मिली. त्यात ८-१० मायक्रोफायबर फडकी भिजवून ठेवा. प्रत्येक भागावर आधी तेच पाणी फवारा, मिनिटभर थांबा, फडक्याची चार पदरी घडी करून एका बाजूने एकदाच पुसा आणि दुसरी बाजू फिरवा. मळलेलं फडकं परत बादलीत टाकू नका, सगळं गणित त्यावर आहे. चिखलाने थापलेल्या गाडीला ही पद्धत चालत नाही, तिला आधी वाहतं पाणी लागतंच.

प्रश्न : मायक्रोफायबर काही दिवसांत कडक होतात, पाणी शोषत नाहीत.

उत्तर : कपड्यांचं सॉफ्टनर वापरत असाल. ते धाग्यांवर थर देतं आणि शोषण संपतं. लिक्विड डिटर्जंटमध्ये, ४० अंशांपर्यंतच्या पाण्यात, सुती कपड्यांपासून वेगळे धुवा. सुताचे तंतू यात अडकले की निघत नाहीत. वाळवा सावलीत. वॅक्सची, काचेची आणि चाकांची फडकी वेगवेगळ्या रंगांची ठेवा. कडेची शिवलेली चिठ्ठी आधी कापा, चरे पाडायला तीही पुरते.

प्रश्न : दार नुकतंच रंगवून आणलंय. वॅक्स केव्हा लावू?

उत्तर : रंगवणाऱ्यालाच विचारा, भट्टीत भाजलंय की हवेवर वाळवलंय त्यावर ते ठरतं. उत्तर मिळालं नाही तर ६० दिवस थांबा. ताज्या रंगातला द्रावक बाहेर पडत असतो, वर थर दिला तर तो आत कोंडतो. तोवर साध्या न्यूट्रल शॅम्पूने धुवायला हरकत नाही.

प्रश्न : मॅट रंगाच्या गाडीला कुठलं वॅक्स?

उत्तर : नेहमीचं कुठलंच नाही, पॉलिशही नाही. घासलेली जागा चमकायला लागते आणि तो डाग कायमचा. फक्त मॅटसाठी बनवलेला शॅम्पू आणि मॅटचंच सीलंट वापरा.

प्रश्न : पक्ष्यांची विष्ठा वाळली की घासून काढावी लागते. काही द्रव्य आहे का?

उत्तर : द्रव्यापेक्षा वेळ महत्त्वाची. तिच्यात यूरिक आम्ल असतं, आणि उन्हात पत्रा तापला की काही तासांतही खूण उमटते. घासू नका, त्यात बियांचे आणि वाळूचे कण असतात. ओलंचिंब फडकं १० मिनिटं वर ठेवा, मऊ झाली की तेच फडकं न दाबता वर उचलून घ्या आणि पाणी ओता. गाडीत पाण्याची बाटली आणि दोन फडकी कायम असू द्या.

प्रश्न : टायरला चमक आणणारं द्रव लावल्यावर दारांवर काळे शिंतोडे उडतात.

उत्तर : जास्त लावलंय आणि पुसलेलं नाही. फवारू नका, स्पंजवर घेऊन फक्त बाजूच्या भिंतीवर लावा, १० मिनिटांनी कोरड्या फडक्याने उरलेलं टिपा आणि मगच गाडी हलवा. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो त्यावर आणि ब्रेकच्या डिस्कवर एक थेंबही जाता कामा नये. डिस्कवर गेलंच तर गाडी काढण्याआधी ब्रेक क्लीनरने ती धुऊन घ्या.