गर्दी म्हणजे नेमके कोण? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या संस्थेने जुनी हस्तलिखिते टंकित करायला ऑनलाइन आवाहन केले. नावे नोंदवली शेकडोंनी, काम करतात सात-आठजण. चुकले कुठे?

कुठेच नाही. अशा कामांत बहुतेक वेळा हेच होते. बरेचजण डोकावून जातात, काही एखादे पान करतात आणि मोजके चिवट लोक डोंगर उपसतात. म्हणून त्या सात-आठजणांना जपा. पण दार सर्वांसाठी उघडेच ठेवा, कारण नववा चिवट माणूस त्या डोकावणाऱ्यांतच असतो. 2007 मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ या संकेतस्थळावर दीर्घिकांची छायाचित्रे पाहून हौशी लोक त्यांचे आकार नोंदवत. तिथे हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एक विचित्र, चमकणारा वायुमेघ दिसला. ‘हे काय आहे?’ एवढेच तिने विचारले. आज तो मेघ तिच्या नावाने ओळखला जातो.

प्रश्न : अडाण्यांची बेरीज शहाणपणाची कशी होईल?

तुमचा संशय रास्त आहे, पण अर्धाच. 1906 मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात, बैल कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, अशी पैज होती. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने नंतर 787 चिठ्ठ्या तपासल्या. चढत्या क्रमात लावल्यावर मधला अंदाज आला 1207 पौंड आणि खरे वजन 1198! पण प्रत्येकाने आपापली चिठ्ठी भरली होती; चुका दोन्ही बाजूंना झाल्या आणि एकमेकींना खाऊन गेल्या. आधीच्यांचे आकडे फळ्यावर लिहिले असते, तर पुढचे त्यांच्याच मागे गेले असते. ऑनलाइन मतदानात चालू निकाल दाखवतात तो हाच फळा. मी तो कधीच दाखवू देत नाही.

आणखी एक : त्या चिठ्ठीला सहा पेन्स पडत. टवाळखोर आपोआप बाहेर.

प्रश्न : आणि फुकट असेल तर टवाळखोर येणारच?

येणारच. 2016 मध्ये ब्रिटनमध्ये संशोधन जहाजासाठी लोकांकडून नावे मागवली, तेव्हा ‘बोटी मॅकबोटफेस’ पहिले आले. जहाजाला अखेर निसर्गविषयक माहितीपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेव्हिड ॲटनबरो यांचे नाव मिळाले, गमतीचे नाव त्यावरच्या छोट्या पाणबुडीला. मला यात गर्दीचा दोष दिसत नाही. ज्याला चूक-बरोबर असे उत्तरच नाही आणि ज्याच्या निकालाची झळ मत देणाऱ्याला लागत नाही, असा प्रश्न विचारला की लोक गंमतच करतात. नावे लोकांकडून घ्या, निवड आपल्याकडे ठेवा, आणि हे पहिल्याच दिवशी सांगा.