वेल्डिंगचा सीओटू टँकला चालतो, घोटाळा होतो तो सिलिंडरच्या आतल्या नळीमुळे

प्रश्न: कोल्हापुरात राहतो. दोन फुटी प्लँटेड टँक (माशांसोबत पाणवनस्पती लावलेला), पाणी साधारण ६० लिटर. झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) द्यायचाय पण बजेट कमी आहे. साखर-यीस्टची बाटली, सायट्रिक-सोडा की सिलिंडर? आणि वेल्डिंगचा सीओटू माशांना घातक असतो असं ऐकलं, ते खरं का?

उत्तर:

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण ते इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. वेल्डिंगच्या सिलिंडरमधला शुद्ध सीओटू टँकला बिनधोक चालतो. वायूत ओल असली तर वेल्डिंगच्या जोडात भोकं पडतात, त्यामुळे तो कोरडा आणि स्वच्छ द्यावाच लागतो. खाद्य दर्जाच्या वायूला वास, चव आणि काही सूक्ष्म घटकांच्या जादा तपासण्या असतात, कारण तो सरबतात जातो. सेकंदाला एक बुडबुडा सोडताना त्या फरकाने मासा मरत नाही. मासा मरतो तो प्रमाण चुकल्याने.

आणि आपण कोल्हापुरात आहोत. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या फाउंड्रीत वाळूचे कोअर (साच्यात ठेवायचे गाभे) सोडियम सिलिकेट घालून सीओटूने कडक करतात, फॅब्रिकेशनवाल्यांना तर तो रोजच लागतो. जिथे हा वायू कारखान्यांना पुरवतात त्या गावात अॅक्वेरियमवाल्यांनी साखर ढवळत बसावं हे मला पटत नाही. मागताना फक्त ‘प्युअर सीओटू’ म्हणा. वेल्डिंगला आर्गन मिसळलेला गॅसही मिळतो, तो आणलात तर बुडबुडे झकास दिसतील आणि झाडांना फारसं काही मिळणार नाही.

आता नळीचं. नवा छोटा सिलिंडर महाग वाटतो म्हणून बरेच जण आग विझवायचा जुना २ किलोचा सीओटू सिलिंडर शोधतात. कल्पना चांगली आहे, मीही तोच घेतला होता. पण एक्स्टिंग्विशरच्या आत व्हॉल्व्हपासून तळापर्यंत हातभर नळी असते. आगीवर द्रव सीओटू जोरात मारता यावा म्हणून ती नळी तळातला द्रव वर ओढते. आपल्याला हवा असतो द्रवाच्या वर साठलेला वायू. नळी तशीच ठेवून रेग्युलेटर (दाब उतरवणारा भाग) लावला की द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो, तिथे दाब एकदम पडतो आणि त्याचा उणे ७८ अंशांचा बर्फ होतो. माझ्या रेग्युलेटरवर पांढरं दव चढलं, आतले सील कडक होऊन चिरले, वायूची धार बारीक करायचा नीडल व्हॉल्व्ह जाम झाला, कमी दाबाचा काटा टोकाला गेला आणि टँककडे जाणारी नळी बबल काउंटरवरून, म्हणजे बुडबुडे मोजायच्या डबीवरून, उडाली. ज्याच्याकडून रेग्युलेटर घेतला तो म्हणाला पीस खराब असेल, दुसरा लावा. दुसऱ्याचंही तेच झालं. तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनी निकाल दिला की सिलिंडर हे आपलं काम नव्हे, यीस्टच बरं. त्यांना आजही सांगतो, सिलिंडर बरोबर होता, वायू बरोबर होता, दोन्ही रेग्युलेटर बरोबर होते. दोष त्या एका नळीचा होता.

ओळखायचं कसं? उघड्यावर, सिलिंडर उभा ठेवून, तोंड कोणाकडेही न करता व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडा. नुसता फुस्स आवाज आणि थोडी वाफ आली तर वायू येतोय. पांढऱ्या बर्फाचा भुसा फेकला गेला तर आत नळी आहे. ती घरी काढायची नाही. सिलिंडर पूर्ण रिकामा करून गॅस भरणाऱ्याकडेच व्हॉल्व्ह उतरवून घ्या, नळी काढायला सांगा आणि दांडा दाबायच्या व्हॉल्व्हऐवजी चाकाचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. चाचणीचा शिक्का त्याच वेळी बघा. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ५ वर्षांनी लागते आणि मुदत संपलेला सिलिंडर चांगला भरणारा हातात धरत नाही. रेग्युलेटर सोबत घेऊन जा. बाहेरून आलेल्या रेग्युलेटरचे आटे कधी डब्ल्यू २१.८ असतात, कधी सीजीए ३२०, आणि ते एकमेकांवर बसत नाहीत. अॅडाप्टर तिथेच बसवून बघितलेला बरा.

दुसरी गफलत दाबाच्या काट्याची. सिलिंडरमध्ये द्रव आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो, २५ अंशांना साधारण ६४ बार. सिलिंडर भरलेला असो की अर्धा उरलेला, काटा तिथेच. तो खाली सरकू लागला म्हणजे द्रव संपला, उरलाय तो नुसता वायू. म्हणून वजन करा, रिकामं वजन सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. हे महत्त्वाचं अशासाठी की साध्या सिंगल स्टेज (एकाच टप्प्यात दाब उतरवणाऱ्या) रेग्युलेटरमध्ये सिलिंडरचा दाब पडला की बाहेरचा दाब वाढतो. सेकंदाला एक असलेला बुडबुडा न मोजता येणारी धार होतो आणि रात्रीत टँकमधले मासे साफ होतात. काटा सरकायला लागला त्याच दिवशी सिलिंडर काढून भरायला द्या.

बाकी जोडणी: नॉर्मली क्लोज्ड सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह), म्हणजे वीज गेली की आपोआप बंद. टायमर बॅटरी बॅकअप असलेला डिजिटल घ्या, तबकडीचा साधा टायमर प्रत्येक वीज जाण्याला मागे पडतो आणि आठवड्यात सीओटू रात्री सुरू होतो. हवेच्या पंपाची सिलिकॉन नळी वापरू नका, तिच्यातून सीओटू झिरपतो. उद्यमनगरात न्यूमॅटिकच्या दुकानात ६ मिमी पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब मीटरवर मिळते. चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) पितळी घ्या. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बघा. सिलिंडर उभाच, भिंतीला पट्ट्याने बांधून.

आता खर्च. तुमच्या टँकला दिवसाला ८ तास, सेकंदाला साधारण एक बुडबुडा धरला तर बुडबुड्याच्या आकाराप्रमाणे रोज ३ ते ५ ग्रॅम सीओटू लागेल. २ किलोचा सिलिंडर त्या हिशोबाने साधारण वर्षभर जातो, जपून वापरला तर त्याहून जास्त. किंमत विचारताना सेटची विचारू नका, वर्षाच्या ग्रॅमची काढा.

एकदम एवढे पैसे नसतील तर सायट्रिक-सोडा करा, तो वाईट नाही. एका बाटलीत २०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड आणि ६०० मिली पाणी, दुसरीत २०० ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २०० मिली पाणी. यातून साधारण १०५ ग्रॅम सीओटू निघतो, म्हणजे तीन ते पाच आठवडे. या मापात आम्ल मुद्दाम जास्त आहे, सोडा उरला तर वायू पाण्यातच अडकून राहतो. दोन्ही जिन्नस लक्ष्मीपुरीत किलोवर घ्या. धुण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर नको. बाटल्या कोल्ड्रिंकच्या, कारण त्या दाबासाठीच बनतात. पाण्याची बाटली फुगते आणि काचेची फुटली तर डोळे जातील. यालाही सोलेनॉइड आणि नीडल व्हॉल्व्ह लावता येतो, म्हणून पैसे आधी रेग्युलेटरसाठी साठवा.

साखर-यीस्ट मी कुणालाच सुचवत नाही. ते रात्री बंद करता येत नाही, म्हणजे दोन तृतीयांश वायू झाडं झोपलेली असताना जातो. एप्रिलमध्ये उसळतं, जानेवारीच्या थंड रात्री मंदावतं, आणि सीओटूच्या अशा चढउतारातच पानांच्या कडांना काळं केसाळ शेवाळ धरतं. आपल्याकडचे लोक साखरेऐवजी गूळ घालतात. गुळाने फेस जास्त येतो आणि तो नळीतून थेट टँकमध्ये उतरतो.

प्रमाण ड्रॉप चेकरने बघा, म्हणजे टँकमध्ये लावायच्या छोट्या कुपीने, जिच्यातल्या द्रवाचा रंग सीओटूप्रमाणे बदलतो. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते) १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा, ते ४० केएच (कार्बोनेट कठीणपणाचं माप) झालं. त्याचा एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटरचे नऊ भाग म्हणजे ४ केएच. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगद्रव्याचे दोन-तीन थेंब. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे बरोबर, ३० पीपीएमच्या (लिटरला ३० मिलीग्रॅम) आसपास, पिवळा म्हणजे लगेच कमी करा. रंग बदलायला दीड-दोन तास लागतात, म्हणून नीडल व्हॉल्व्ह एकदा हलवला की त्या दिवशी पुन्हा हात लावायचा नाही. सीओटू दिवा लागायच्या तासभर आधी सुरू, दिवा विझायच्या तासभर आधी बंद. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले तर ड्रॉप चेकर काहीही दाखवो, गॅस बंद करा आणि हवेचा पंप लावा.

आधी विचारायला हवं होतं, झाडं कोणती आहेत? अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन आणि मॉस एवढंच असेल तर यातलं काहीच नको, फक्त दिवा सहा तासांवर आणा. लाल रोटाला किंवा जमिनीवर पसरणारं क्यूबा हवं असेल तरच खर्च करा. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून बाटली विकतात तिच्यात बहुधा ग्लुटराल्डिहाइड असतं. ते शेवाळावर चालतं, सीओटूची जागा घेत नाही, आणि व्हॅलिसनेरिया त्याने वितळते.

आणि सिलिंडर बंद खोलीत ठेवणार असाल तर एक आकडा लक्षात ठेवा: २ किलो सीओटू म्हणजे साधारण ११०० लिटर वायू. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत तो सगळा सुटला तर हवेत जवळजवळ ४ टक्के होतो आणि तेवढा माणसालाही धोक्याचा आहे. झोपायच्या खोलीत नको, खिडकी उघडी ठेवा, आणि उद्यमनगरातून भरून आणताना गाडीची काच खाली असू द्या.