उत्तर: पडल्यापासून पायऱ्या दोन दिसतात, मान तिरकी राहते

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर माजिवड्याजवळ बाइकवरून पडले, सीटी नॉर्मल आला, पण तीन आठवड्यांनंतरही स्टेशनचा पूल उतरताना पायऱ्या एकावर एक दोन दिसतात, आणि मान सतत डावीकडे कललेली. वाचून हातातला चहा तसाच राहिला. 2016 मध्ये घोडबंदर रोडच्या एका खड्ड्यात माझी स्कूटर गेली, तेव्हा माझं अगदी हेच झालं होतं. (मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. त्या हिशोबाने वाचा.)

कुठलाही एक डोळा झाकला की दुसरी पायरी गायब होते ना? होत असेल तरच पुढचं तुमच्या कामाचं. एकाच डोळ्याने दोन दिसत असेल तर तो मोतीबिंदू किंवा नंबराचा मामला.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे मी मानेवर इलाज करत बसले. एका क्लिनिकमध्ये (नाव घेत नाही) तिरकी मान बघून स्पॉन्डिलायटिस ठरवलं आणि कॉलर चढवली. अडीच महिने. वर शेक, ट्रॅक्शन, गोळ्या. कॉलरने मान सरळ झाली आणि दोन दिसणं आणखी वाढलं! तक्रार केली तर "सवय होईल". डोळा कसा हलतो, हे एकदाही बघितलं नाही. अहो, मान तिरकी केली की एक दिसायचं, म्हणून ती तिरकी जायची. शरीराने आपणहून शोधलेला उपाय मी पैसे मोजून बांधून ठेवला. आजही आठवलं की संताप येतो.

पुढे तिरळेपणाच्या डॉक्टरांकडच्या ऑर्थॉप्टिस्ट (डोळ्यांच्या हालचाली तपासणाऱ्या) बाईंनी चित्र काढून समजावलं. डोळा फिरवणारे स्नायू सहा, चार सरळ आणि दोन तिरके. त्यातला वरचा तिरका भलताच वेगळा. तो डोळ्याच्या खोबणीत मागून निघतो, नाकाच्या बाजूला वर कूर्चेची एक कप्पी असते तिच्यातून वळतो आणि परत मागे येऊन डोळ्याला जोडतो. विहिरीवरचा दोर रहाटावरून वळतो ना, तसं. म्हणून तो मागे असूनही ओढ पुढून लागते. डोळा नाकाकडे वळलेला असताना त्याला खाली ओढणं आणि वरची कड नाकाकडे फिरवणं ही त्याची कामं. पायऱ्या आणि वाचन इथेच गडबड का होते, ते यात आलं. उजव्या डोळ्याचा हा स्नायू कमजोर असेल, तर उजवीकडे मान कलली की त्या डोळ्याला तसंच आत फिरावं लागतं. ते जमत नाही, म्हणून माणूस डावीकडे कलतो.

या स्नायूची नस म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांतली चौथी. मेंदूच्या देठातून मागच्या बाजूने निघणारी ही एकटीच, बारीक, आणि कवटीच्या आत सगळ्यात लांब वाट चालणारी. डोक्याला हिसका बसला की तिला इजा होऊ शकते, आणि सीटीत बहुतेक वेळा काही दिसत नाही. (दोन चित्रं शेजारी-शेजारी दिसली असती तर संशय डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या नसेवर गेला असता.)

तेव्हा माझं मत, चुकीचंही असेल: चष्म्याच्या दुकानात नंबर बदलत बसू नका, तिरळेपणाच्या किंवा न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजीच्या (डोळ्यांच्या नसा बघणाऱ्या) डॉक्टरांना दाखवा. पापणी खाली आली, एक बाहुली मोठी झाली किंवा डोकं भयंकर दुखलं, तर मात्र वाट न बघता थेट इमर्जन्सी.

तोवर बाइक बंद. वाचायचा कागद डोळ्यांसमोर वर धरायचा. खालच्या भागात वाचनाचा नंबर असलेला चष्मा जिन्यावर नको, तो नजर खालीच ओढतो. मला चष्म्याच्या काचेवर चिकटवायचं प्रिझम (दोन चित्रं एकावर आणणारी पट्टी) दिलं, पाचव्या महिन्यात ते निघालं. ऑपरेशनची घाई साधारण सहा महिने करत नाहीत, कारण नस आपली आपण सुधारू शकते.

आणि जाताना लग्नाचा अल्बम न्या, हसू नका. काहींचा हा स्नायू जन्मापासूनच कमजोर असतो आणि त्यांची मान जुन्या फोटोंतही कललेली दिसते. माझी सरळ होती, डॉक्टरांनी भिंगातून बघितली.