गोळी चालू आहे, पण बोलायचं कुणाशी?

चाकण एमआयडीसीत काम करणाऱ्या 27 वर्षांच्या मुलाचं पत्र आलंय, नाव-गाव टाकू नका म्हणालाय. सव्वा वर्षापूर्वी एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला, गोळ्या लगेच सुरू झाल्या. तो लिहितो, 'परवा व्हायरल लोडच्या रिपोर्टवर टीएनडी आलं, डॉक्टर म्हणाले एकदम मस्त, पण ताई मला काहीच वाटलं नाही. रूमवर आम्ही पाचजण. गोळ्यांची बाटली वाजते म्हणून आत कापूस कोंबलाय, लेबल खरवडून ती प्रोटीन पावडरच्या डब्यात ठेवतो. गावाकडं आई बायोडाटा बनवून घेतेय. काउन्सेलर मॅडम म्हणतात पॉझिटिव्ह लोकांच्या मीटिंगला ये, आपलेच लोक असतात. तिथं जाऊन काय एकमेकांच्या गळ्यात पडून रडायचं? आणि कुणी ओळखीचं भेटलं तर? कधीकधी वाटतं हे सगळं कशासाठी चाललंय.'

अरे, आधी त्या शेवटच्या वाक्याचं बोलू. हा नुसता कंटाळा असेल तर ठीक, पण जीव नकोसा होत असेल, काही करून घ्यावंसं वाटत असेल तर पुढचं वाचत बसू नकोस, 14416 ला फोन लाव. टेलिमानस आहे ती, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

आता टीएनडी. व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, आणि टीएनडी म्हणजे तो मशीनला सापडलाच नाही, आणि गोळी न चुकवता तो तसाच दबलेला राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एवढी मोठी बातमी आणि तुला काही वाटलं नाही, का तर सांगायला कुणी नव्हतं! पगार वाढला तर रूमवर पार्टी होते, हे कुणाला सांगणार होतास? मीटिंगचा पहिला उपयोग मला तरी हाच वाटतो, की तिथं टीएनडी म्हटलं की काय ते समजावून सांगावं लागत नाही, लोक थेट म्हणतात अरे वा, कधीचा रिपोर्ट?

आणि रडारड कमीच असते रे. बरंचसं बोलणं फार साधं असतं, नाइट शिफ्टला गोळी कधी घेतोस, गावी लग्नाला गेलं की बाटली कुठं ठेवायची, डॉक्टरनं आयर्न-कॅल्शियम दिलंय ते या गोळीसोबत चालतं का (हे मात्र एआरटी सेंटरलाच, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथंच विचारायचं, रिकाम्या पोटी दोन्ही एकत्र नको असतं). तिथं तुला असे लोक भेटतील ज्यांनी 2004 च्या आधीचे दिवस काढलेत, सरकारी एआरटी फुकट मिळायला लागली त्याच्या आधीचे, औषधापायी दागिने गेले, जमिनी गेल्या, डॉक्टरांनी घरच्यांना तयारी ठेवा सांगितलं होतं, आणि आज ते बाई किंवा काका तुझ्यासमोर बसून नातवाच्या शाळेच्या फीवर कुरकुर करतायत. ते बघितलंस की माझ्यासारखीच्या सल्ल्याची फारशी गरज उरणार नाही.

ओळखीचं भेटलं तर? भेटेलही. तो तुला बघून तेवढाच टरकेल, कारण तोही तिथं त्याच कारणानं आलेला असणार. शिवाय 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, काही मोजके अपवाद सोडले तर तुझ्या परवानगीशिवाय तुझं स्टेटस दुसऱ्याला सांगता येत नाही, नोकरी देताना ही टेस्ट सक्तीची करता येत नाही आणि केवळ या कारणानं कामावरून काढताही येत नाही. कायदा असला म्हणून लोकांची तोंडं बंद होतात असं नाही, हे मलाही कळतं, म्हणून थोडी काळजी तू पण घे. व्हॉट्सॲप ग्रुपला लगेच जॉइन होऊ नकोस, झालास तर डीपीवर स्वतःचा फोटो नको. काही मीटिंगा नुसत्या भाषणाच्या असतात, रजिस्टरवर सही घ्या, रिपोर्टसाठी फोटो काढा, चहा-बिस्कीट आणि संपलं. फोटोला सरळ नाही म्हणायचं. एक ग्रुप नाही जमला तर दुसरा बघ, पॉझिटिव्ह लोकांना आधार देणारी विहानची केंद्रं आहेत, पॉझिटिव्ह लोकांची स्वतःची नेटवर्क आहेत, माहिती 1097 या एड्स हेल्पलाइनवर फुकट मिळते.

'कशासाठी' याचं उत्तर मी देणार नाही, बाहेरून दिलेलं ते टिकत नाही. पण तुझ्या त्या कापसाचंच घे. ती आयडिया तुझी तू शोधलीस ना? या महिन्यात तुझ्याच एमआयडीसीत एखादं पोरगं पॉझिटिव्ह निघालं असेल, बाटली वाजते म्हणून गोळी बुडवत असेल, त्याला हे डॉक्टर नाही सांगू शकत. तुला येऊन फार दिवस झाले नसतील तोच काउन्सेलर विचारेल, नवीन मुलगा आलाय, पाच मिनिटं बोलशील का त्याच्याशी? तेव्हा हो म्हण. मात्र स्टेजवर जाऊन स्वतःची कहाणी सांगायचा आग्रह कुणी केला तर नको म्हणायची लाज बाळगू नकोस.

लग्नाचं म्हणशील तर दार बंद नाहीये. पॉझिटिव्ह मुलामुलींचे वधू-वर मेळावे महाराष्ट्रात भरतात, नेटवर्कवाल्यांना विचार, आणि नीट उपचार असले तर मूल निगेटिव्ह होऊ शकतं. पण न सांगता कुणाशी लग्न करायचं नाही, यावर माझ्याशी वाद घालू नकोस. आईला सगळं आत्ताच सांगायची घाई नको, या रविवारी फोन करून एवढंच म्हण की वर्षभर स्थळं बघू नकोस, आणि बायोडाटा मामाच्या ग्रुपवर गेला असेल तर तो आधी थांबव.